शेरा लिहिण्यापूर्वी

मे महिन्याच्या अखेरीस युरोपातल्या बास्केटबॉलच्या युरोलीगचा अंतिम सामना संपतो, विजेते खेळाडू शिडीवर चढून बास्केटची जाळी कापून घेतात, आणि त्यानंतर चार-सहा दिवसांतच कौनासपासून पिरेयसपर्यंत आणि बेलग्रेडपासून माद्रिदपर्यंत एक निराळेच कामकाज सुरू होते. ज्यांनी ऑक्टोबरपासून आठवड्याला दोन-दोन सामने पाहिले, थंडीवाऱ्यात रांगा लावून तिकिटे काढली आणि घरच्या मंडळींची नाराजी निमूटपणे सोसली, ते सारे चाहते आता परीक्षकाच्या आसनावर बसतात आणि बारा-चौदा खेळाडूंचा, प्रशिक्षकाचा, क्वचित संघाच्या मालकाचाही वर्षभराचा हिशेब काढून प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा आणि आकड्यापुढे एक शेरा लिहितात.

हा आकडा ज्या त्या देशाच्या शाळेतून आलेला असतो, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. इटलीत खेळाडूला दहापैकी गुण मिळतात आणि सहा म्हणजे उत्तीर्ण. तिकडची वृत्तपत्रे या गुणदानाला ‘पाजेल्ले’ म्हणतात, आणि शाळेतल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकालाही त्या भाषेत हाच शब्द आहे. सर्बियात पाच हा सर्वोच्च अंक आणि एक म्हणजे नापास. जर्मनीत नेमके उलट, तेथे एक हा सर्वोत्तम आणि सहा हा अधम, म्हणून एकाच रात्री बेलग्रेडच्या आणि म्युनिकच्या चाहत्याने आपापल्या गार्डला ‘१’ दिला तर एकाने त्याला शिरी धरलेले असते आणि दुसऱ्याने दाराबाहेर काढलेले असते. माणूस शाळा सोडून चाळीस वर्षे लोटली तरी न्याय करायची वेळ आली की त्याचा हात आपसूक बालपणीच्या मोजपट्टीकडे जातो.

आपल्या भाषेत तर हा संबंध याहून खोल आहे. सामन्यात मिळवायचे ते गुण, परीक्षेत मिळतात तेही गुण, आणि माणसाच्या अंगी असावेत असे आपण म्हणतो तेही गुणच. या तीन अर्थांना मराठीने एकाच शब्दाच्या छपराखाली नांदवले आहे, आणि हंगामाअखेरच्या गुणपत्रिकेचा सारा प्रश्नच मुळी असा आहे की पहिल्या अर्थाच्या गुणांवरून दुसऱ्या अर्थाचे गुण देताना तिसऱ्या अर्थाचे गुण आपल्या नजरेतून निसटतात की काय.

चाहत्याने खेळाडूला गुण देणे हा आगाऊपणा आहे, असे मानणारा एक वर्ग आहे. त्या वर्गाशी माझा मतभेद आहे. युरोलीगच्या दप्तरात प्रत्येक खेळाडूचा एक अधिकृत निर्देशांक नोंदला जातो. त्याने केलेले गुण, घेतलेले रिबाउंड, दिलेले असिस्ट, हिसकावलेले चेंडू, केलेले ब्लॉक आणि स्वतःवर ओढवून घेतलेले फाउल हे जमेच्या बाजूला. हुकलेल्या फेका, हुकलेले फ्री थ्रो, गमावलेले चेंडू, स्वतःच्या अडवल्या गेलेल्या फेका आणि स्वतः केलेले फाउल हे खर्चाच्या बाजूला. आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे त्या खेळाडूची त्या दिवसाची कामगिरी. रोजकीर्द म्हणून ही व्यवस्था चोख आहे. परंतु सहकाऱ्याला मोकळी फेक मिळावी म्हणून भिंतीसारखा उभा राहून ज्याने प्रतिस्पर्ध्याचा धक्का छातीवर झेलला, त्याच्या नावे या कीर्दीत एक छदामही जमा होत नाही; आणि ज्याने आपली जागा सोडून तिसऱ्याच माणसाचा मार्ग अर्धा क्षण आधी रोखला व त्यामुळे ती फेक झालीच नाही, त्याची तर नोंद करायलाच रकाना नाही, कारण न घडलेली गोष्ट टिपायची कोणी आणि कशी?

काईल हाइन्स हा याचा सर्वांत बोलका दाखला. उंची १९८ सेंटिमीटर, म्हणजे ज्या मध्याच्या जागी सात फुटी माणसे उभी राहतात तेथे हा जवळजवळ वीतभर ठेंगणा. अमेरिकेच्या एनबीएत निवड झाली नाही म्हणून इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत वेरोलीसारख्या लहान गावी आणि तेथून जर्मनीत बामबर्गला जाऊन त्याने आपला मार्ग काढला. पुढे ऑलिंपियाकोसबरोबर २०१२ आणि २०१३ साली, आणि मॉस्कोच्या त्सेस्काबरोबर २०१६ आणि २०१९ साली, असे चार वेळा युरोपचे अजिंक्यपद त्याने मिळवले. केवळ निर्देशांक वाचणाऱ्याला या चार चषकांचा उलगडा होणार नाही. तो झाला प्रशिक्षकांना, ज्यांनी त्याला तीनदा सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरवले, आणि तो झाला त्या चाहत्यांना, जे चेंडू कोठे आहे हे सोडून हाइन्स कोठे आहे हे पाहायला शिकले होते. अशा डोळस चाहत्याने लिहिलेला शेरा हा कीर्दीतल्या आकड्यांपेक्षा मोठा पुरावा आहे असे मी मानतो, आणि म्हणूनच तो शेरा जेव्हा चुकतो तेव्हा मला वाईट वाटते.

तो बहुधा एकाच ठिकाणी चुकतो. हंगाम आठ महिन्यांचा असतो. शेरा मात्र शेवटच्या रात्रीवरून लिहिला जातो.

१३ मे २०१२ रोजी इस्तंबूलमध्ये झालेल्या अंतिम सामन्याचे चित्रण मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. एका बाजूला त्सेस्का मॉस्को, ज्यांच्याकडे त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला आंद्रेई किरिलेंको आणि आदल्याच उन्हाळ्यात ऑलिंपियाकोस सोडून आलेला मिलोश तेओदोसिच होता. दुसऱ्या बाजूला खर्चाला कात्री लावून तरुण पोरांवर भिस्त ठेवणारा ऑलिंपियाकोस आणि त्याचे वृद्ध प्रशिक्षक दुशान इव्कोविच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्सेस्का १९ गुणांनी पुढे होता. तेथून एकेक गुण परत घेत ऑलिंपियाकोसने अंतर एका गुणावर आणले, आणि ६१–६० अशी स्थिती असताना, अवघे दहाएक सेकंद उरले असताना, रामूनास शिश्काउस्कास दोन फ्री थ्रो घ्यायला रेषेवर उभा राहिला. त्सेस्काच्या प्रशिक्षकाला त्या क्षणी मनाजोगता माणूस निवडायला सांगितले असते तर त्याने बहुधा याचेच नाव घेतले असते. हा लिथुआनियाचा शांत, मितभाषी खेळाडू २००७ साली पानाथिनाइकोसबरोबर आणि २००८ साली त्सेस्काबरोबर युरोपचा विजेता झालेला होता, २००८ साली तर संपूर्ण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता, आणि आता त्याची कारकीर्द संपत आली होती. पहिला फ्री थ्रो कडीवर आपटून बाहेर आला. त्याने चेंडू पुन्हा हातात घेतला, दोन क्षण थांबला, आणि दुसराही बाहेर आला. चेंडू व्हासिलिस स्पानूलिसच्या हाती गेला. तो मैदान ओलांडून धावत असता दोन बचावपटू त्याच्यावर चालून आले, त्याने चेंडू योर्गोस प्रिंतेझिसकडे सरकवला, आणि प्रिंतेझिसने हलक्या हाताने उंच उचललेली फेक ०.७ सेकंद शिल्लक असताना जाळीत पडली. ६२–६१. शिश्काउस्कासने त्याच उन्हाळ्यात निवृत्ती पत्करली.

आता त्या वर्षीच्या त्याच्या प्रगतिपुस्तकात काय लिहायचे? ज्यांनी त्या रात्रीच निकाल लिहिला त्यांनी नापास लिहिले, आणि ते लिहिताना त्यांना आपण अन्याय करीत आहोत असे वाटले नसणार, कारण दुःख ताजे असते तेव्हा माणसाला कारण हवे असते आणि कारणाला एक चेहरा हवा असतो. परंतु त्याच सामन्यात १९ गुणांची आघाडी अख्ख्या संघाने मिळून गमावली होती. वाहून गेलेल्या धरणाचा पंचनामा करताना शेवटी निखळलेल्या दगडालाच आरोपी करायचे, आणि ज्या भेगेतून घटकाभर पाणी झिरपत होते तिचा उल्लेखही करायचा नाही, अशातली ही गत.

स्पर्धेची रचनाही चाहत्याला या मोहात ढकलते. १६ संघ आणि प्रत्येकी ३० सामने, मग १८ संघ आणि ३४ सामने, आणि २०२५–२६ पासून २० संघ व प्रत्येकी ३८ सामने, असा साखळी फेरीचा पसारा वाढत गेला. त्यावर प्रत्येकाची आपल्या देशातली लीग निराळीच. एवढ्या मोठ्या श्रमानंतर उपान्त्यपूर्व फेरीत निदान पाच सामन्यांची मालिका तरी असते, पण तीतून तरलेल्या चार संघांचे, म्हणजे ‘फायनल फोर’चे, भवितव्य एका शनिवार-रविवारच्या आसपास दोन सामन्यांत ठरते. आपल्याकडे शाळेत चाचणी परीक्षा, सहामाही आणि वार्षिक अशा तिन्हींचे गुण धरण्याची वहिवाट आहे; येथे वर्षभराच्या साऱ्या चाचण्या केवळ दाखल्यापुरत्या आणि वार्षिक परीक्षेचा एकच पेपर, तोही चाळीस मिनिटांचा. फायनल फोरचा थरार मला मान्य आहे आणि ती पद्धत बंद करावी असे मी म्हणत नाही. परंतु चषक देण्याची जी रीत ती गुण देण्याचीही रीत असली पाहिजे, असे कोणी ठरवून दिलेले नाही.

हा भेद न केल्याने काय होते ते पाहायचे तर पिरेयसकडे पाहावे. योर्गोस बार्त्झोकास यांचा ऑलिंपियाकोस २०२२ पासून २०२५ पर्यंत सलग चार वर्षे फायनल फोरला पोहोचला. त्यांतल्या दोन मोसमांत, २०२३ आणि २०२५ साली, साखळी फेरीत तो सर्वांच्या वर होता. २०२२ साली बेलग्रेडमध्ये वासिलिये मित्सिचच्या शेवटच्या क्षणीच्या तीन गुणांच्या फेकीने त्याला उपान्त्य सामन्यात हरवले. २०२३ साली कौनासच्या अंतिम सामन्यात, तोवर एकही बास्केट न करू शकलेल्या ३५ वर्षांच्या सेर्जिओ ल्युलने तीनएक सेकंद उरले असताना केलेल्या फेकीने रेआल माद्रिद ७९–७८ असा विजयी झाला. २०२४ साली बर्लिनमध्ये पुन्हा रेआल, २०२५ साली अबू धाबीत मोनाको. चार वर्षे, चार पराभव. आणि या चार वर्षांना एकच शेरा लावला जातो : ‘मोक्याच्या वेळी कच खातो.’ एखादा विद्यार्थी सलग चार वर्षे वर्गात पहिल्या चारांत येत असेल आणि त्याच्या पुस्तकात गुरुजी दरवर्षी ‘प्रगती असमाधानकारक’ असेच लिहीत असतील, तर त्या मुलाचे पालक शाळेत जाऊन दाद मागतील, आणि तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार राहील.

मी स्वतः गेली काही वर्षे या संघांची एक वही ठेवीत आलो आहे. साधी, फुलस्केप आकाराची, समास आखलेली. एका पानावर एक संघ आणि खाली खेळाडूंची नावे. कौनासच्या त्या अंतिम सामन्यात ल्युलच्या फेकीनंतर ऑलिंपियाकोसची शेवटची आशा कोस्तास स्लुकासच्या हाती होती, आणि त्याची फेक हुकली. त्या रात्री मी त्याच्या नावापुढे ४ हा आकडा लिहिला आणि शेऱ्याच्या जागी ‘वय झाले’ असे दोनच शब्द लिहिले. पुढे त्या उन्हाळ्यात स्लुकास अथेन्सच्या दुसऱ्या टोकाला, कट्टर प्रतिस्पर्धी पानाथिनाइकोसकडे गेला, आणि वर्षभराने बर्लिनच्या अंतिम सामन्यात २४ गुण करून त्याने पानाथिनाइकोसला सातवे अजिंक्यपद मिळवून दिले. फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. दोन्ही मोसमांत माणूस तोच होता, त्याची नजर तीच होती, चेंडू उशिरा आणि अचूक सोडण्याची ती सवयही तीच होती. मी शाईने लिहिलेला ४ खोडला नाही, कारण वहीशी खोटेपणा करू नये. पण तो आकडा एका फेकीचा होता आणि मी तो एका मोसमापुढे लिहिला होता, हे मला त्या पानाकडे पाहताना दर वेळी टोचते.

यावर एक सरळ आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. खेळात निकाल हेच सर्वस्व आहे, व्यावसायिक खेळाडू जिंकण्याचे पैसे घेतो, आणि जो मोक्याला चुकला त्याला मोसमभराच्या कष्टांचे प्रशस्तिपत्र देणे म्हणजे हळवेपणा, असे पुष्कळ जाणकार म्हणतात. माझे म्हणणे असे की निकाल लावायचे काम चषकाने केलेलेच आहे, आणि त्या निकालावर अपील नाही. फेनरबाहचेने २०२५ साली मोनाकोला ८१–७० हरवले, म्हणजे ते विजेते. या वस्तुस्थितीत कोणाच्या गुणदानाने फरक पडत नाही. मग जे चषकाने सांगितले तेच जर चाहत्याने आकड्यांत पुन्हा सांगायचे असेल, तर त्याच्या गुणपत्रिकेचे प्रयोजन काय उरले? चषक जे सांगू शकत नाही ते सांगणे, हेच तिचे काम आहे.

आणि चषक जे मुळीच सांगत नाही ते म्हणजे मुद्दल किती होते. पानाथिनाइकोस २०२२–२३ मध्ये १८ संघांत १७वा होता आणि पुढच्याच वर्षी विजेता झाला. हा उत्कर्ष विलक्षण खरा, पण त्यासाठी एर्गिन आतामान यांच्यासारखा दोनदा अजिंक्यपद मिळवलेला प्रशिक्षक आणला गेला, जवळजवळ सगळा संघ नव्याने उभारला गेला आणि तिजोरी मोकळी सोडली गेली. याउलट कौनासचा झाल्गिरिस. तीन लाखांच्या आसपास वस्तीच्या शहराचा हा संघ, युरोपातल्या श्रीमंत क्लबांच्या मानाने तुटपुंजा खर्च, आणि तरी शारूनास यासिकेविचियस प्रशिक्षक असताना २०१८ साली त्याने फायनल फोर गाठून तिसरे स्थान मिळवले. चषकाच्या यादीत त्या वर्षी झाल्गिरिसचे नाव नाही. ज्याने जमाखर्च पाहिला असेल त्याच्या यादीत ते पहिल्या ओळीवर असायला हवे, आणि कौनासच्या लोकांनी ते तसे मानलेही.

काही वेळा तर मुद्दल पैशातही मोजता येत नाही. १९९१–९२ च्या मोसमात युगोस्लाव्हियात युद्ध पेटले म्हणून पार्टिझान बेलग्रेडला आपले घरचे सामने, एखादा अपवाद वगळता, स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा या गावी खेळावे लागले. तिथल्या लोकांनी या परक्या पोरांना आपले मानून डोक्यावर घेतले. प्रशिक्षक होते झेल्को ओब्रादोविच, ज्यांचे ते प्रशिक्षक म्हणून पहिलेच वर्ष होते. इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात साशा जॉर्जेविचच्या अखेरच्या क्षणीच्या तीन गुणांच्या फेकीने त्यांनी होव्हेंतुतला ७१–७० असे हरवले. पुढे ओब्रादोविच यांनी आणखी आठ वेळा हे अजिंक्यपद मिळवले. समजा, जॉर्जेविचची ती फेक बोटभर आखूड पडली असती. स्वतःच्या घरापासून तुटून परक्या गावी वर्ष काढणाऱ्या त्या मुलांचे गुण तेवढ्याने कमी झाले असते का? ज्याला हा प्रश्न विचारावासा वाटत नाही त्याने गुणदानाचे काम हाती घेऊ नये, असे मी स्पष्ट म्हणेन.

कारण हे काम निरुपद्रवी नाही. युरोपात बहुसंख्य परदेशी खेळाडूंचे करार एक-दोन वर्षांच्या मुदतीचे असतात; जून महिन्यात कोणाला ठेवायचे आणि कोणाला निरोप द्यायचा याचा खल कार्यालयात चाललेला असताना बाहेरच्या लोकमताचा आवाज आत पोहोचतोच. सर्वाधिक गुण करणाऱ्या खेळाडूला युरोलीग दरवर्षी जे पारितोषिक देते ते आल्फोन्सो फोर्ड या अमेरिकी गार्डच्या नावाचे आहे. हा मनुष्य रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत खेळत होता, अखेरचा मोसम इटलीत पेझारोकडून खेळला आणि सप्टेंबर २००४ मध्ये गेला. आपला आजार त्याने बहुतेकांपासून दडवून ठेवला होता. त्याची एखादी संथ रात्र पाहून ‘आज अंगात जोर नव्हता’ असा शेरा कोणी लिहिला असेल, तर लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही, त्याला ठाऊकच नव्हते. पण जे आपल्याला ठाऊक नाही ते पुष्कळ असते, एवढे ठाऊक असलेला परीक्षक आकडा लिहिताना हात जरा आखडता घेतो.

म्हणून अलीकडे मी वहीत दोन रकाने आखतो. पहिला रकाना साखळी फेरी संपताच, एप्रिलमध्ये, भरतो आणि त्याखाली तारीख घालतो. तो भरल्यावर त्यात फेरफार करायचा नाही. दुसरा रकाना फायनल फोरनंतर आठ दिवस जाऊ देऊन भरतो, आणि तो फक्त त्या दोन सामन्यांपुरता. बेरीज करीत नाही. मागची पानेही याच रीतीने पुन्हा लिहायला घेतली आहेत. ऑलिंपियाकोसच्या २०२३ च्या पानावर पहिल्या रकान्यात ९ आणि दुसऱ्यात ८ असे आकडे आले. स्लुकासच्या नावापुढे, जुन्या ४ च्या खाली, पहिल्या रकान्यात ८ आणि दुसऱ्यात ६ लिहिले आहेत. २०१२ च्या त्सेस्काचे पान आता समोर उघडे आहे. शिश्काउस्कासच्या ओळीत दुसऱ्या रकान्यात मी ५ लिहिले, आणि पहिला रकाना भरण्यासाठी त्या मोसमातले त्याचे सारे सामने, मिळतील तेवढे, ऑक्टोबरपासून क्रमाने पाहायला सुरुवात केली आहे.